संगणकाची पेटी व तिच्यातील हवेचा मार्ग

जिल्ह्यातील प्राथमिक शाळांना संगणक हे साधन आता अपरिचित राहिलेले नाही. कोठे शासकीय योजनेतून, कोठे ग्रामपंचायतीच्या साहाय्याने, तर कोठे ग्रामस्थांनी वर्गणी जमवून हे यंत्र शाळेत आणलेले असते. लहान गावातील शाळेत ते बहुधा एकच असते व मुले पाळीपाळीने त्याच्यासमोर बसतात. असे यंत्र बंद पडले म्हणजे शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर काम भागविता येत नाही. दुरुस्तीसाठी ते तालुक्याच्या गावी न्यावे लागते. न्यावयास वाहन मिळेपर्यंत दिवस जातात. मग ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवले जाते, आणि यथाकाल जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडून ते निर्लेखनाच्या यादीत जाते. त्या अवधीत एक इयत्ता पुढे निघून गेलेली असते. तिला यंत्राचा लाभ मिळत नाही, तो नाहीच.

यंत्र बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण मात्र असे आहे की, ते ओळखण्यास तंत्रज्ञ लागत नाही व पुष्कळदा दूर करण्यास खर्चही येत नाही. ते म्हणजे पेटीत निर्माण होणारी उष्णता बाहेर न जाणे. ही उष्णता कोठून येते, हवा तिला कशी वाहून नेते, त्या हवेचा मार्ग कशाने अडतो व तो मोकळा कसा ठेवावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मेजावरील संगणक ज्या शाळांत वापरात आहेत, त्या शाळांतील शिक्षकांना ते विशेष उपयोगी पडेल.

१. उष्णता कोठून येते

विजेच्या दिव्यास दिलेल्या विजेचा काही भाग प्रकाशरूपाने बाहेर पडतो. पंख्याला दिलेली वीज हवेस गती देते. संगणकाच्या पेटीत जाणारी वीज मात्र कोणतेही ओझे उचलीत नाही की प्रकाश देत नाही. आकडेमोड करून झाल्यावर जवळजवळ सर्व विजेची उष्णता होते. साधे काम चालू असता अशी पेटी सुमारे ५० ते १०० वॅट वीज घेते. अर्थात पूर्वीचा १०० वॅटचा तारेचा दिवा बंद डब्यात पेटवून ठेवावा, तितकी उष्णता त्या पेटीत निर्माण होऊ शकते. पेटी बंद राहिली तर तिचे काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

या उष्णतेचा मोठा भाग प्रोसेसर नावाच्या एका लहानशा भागातून येतो. ग्रामीण बोलण्यात सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि त्यातील काम करणारा सिलिकॉनचा तुकडा हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढाच असतो. इतक्या थोड्या जागेतून इतकी उष्णता बाहेर काढणे ही मुख्य अडचण होय. त्यासाठी प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा, कधी तांब्याचा, पुष्कळ पातळ पाती असलेला ठोकळा बसविलेला असतो. त्यास हीटसिंक म्हणतात. पात्यांमुळे धातूचा हवेशी संपर्क अनेक पटींनी वाढतो. प्रोसेसर व हीटसिंक यांमध्ये थर्मल पेस्ट या मलमाचा पातळ लेप असतो. दोन धातूंचे पृष्ठभाग वरवर सपाट दिसले तरी त्यांमध्ये सूक्ष्म फटी राहतात व तेथे हवा अडकते. हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. ॲल्युमिनियम तिच्या सुमारे नऊ हजार पट अधिक उष्णतावाहक असते. म्हणून त्या फटी लेपाने भरून काढाव्या लागतात.

आरंभीच्या यंत्रांत ही अडचण नव्हती. १९८१ साली आयबीएम कंपनीने जो पहिला पीसी विक्रीस आणला, त्याच्या प्रोसेसरवर हीटसिंक नव्हते. वीजपुरवठ्याच्या डब्यातील एकच पंखा सर्व यंत्रास पुरत असे. १९९३ साली आलेला पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट उष्णता देई व त्यावर हीटसिंक आणि पंखा बसविणे आवश्यक झाले. २००४ साली पेंटियम ४ च्या काही प्रकारांत हा आकडा ११५ वॅटपर्यंत चढला. पुढे २००६ साली आलेल्या कोअर २ ड्युओ या मालिकेत तो ६५ वॅटवर उतरला. वेग वाढविताना उष्णतेचा विचार टाळता येत नाही, हे निर्मात्यांनाही या अनुभवातून पटले.

२. तीन पायऱ्यांचा हिशेब

प्रोसेसर किती तापेल, हे तीन गोष्टींच्या बेरजेवर अवलंबून असते. पहिली गोष्ट खोलीतील हवेचे तापमान. दुसरी, ती हवा पेटीत शिरल्यावर जितकी तापते ती वाढ. आणि तिसरी, पेटीतील हवेपेक्षा प्रोसेसर जितका अधिक तापतो ती वाढ. उदाहरणादाखल, खोली ३५ अंश सेल्सिअस, पेटीतील वाढ १० अंश व प्रोसेसरची वाढ ४० अंश धरली, तर प्रोसेसरचे तापमान ८५ अंश होईल. अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तेव्हा ही स्थिती सुरक्षित म्हणता येईल.

आता समजा, हवेची जाळी अर्धी बुजली. हवा निम्मीच आत येऊ लागली की पेटीतील वाढ दुप्पट, म्हणजे २० अंश होते. हीटसिंकच्या पात्यांत धूळ बसून तिसरी वाढ ४० वरून ५५ वर गेली, तर बेरीज ११० भरते. प्रत्यक्षात यंत्र तेथवर पोहोचत नाही. मर्यादा जवळ येताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र आपोआप बंद होते. ही स्वसंरक्षणाची योजना होय. शिक्षकास मात्र एवढेच दिसते की, सकाळी ठीक चालणारा संगणक दुपारी रेंगाळतो, पंखा मोठा आवाज करतो, मध्येच पडदा काळा होतो, आणि अर्धा तास विसावा दिल्यावर तो पुन्हा मुकाट सुरू होतो. ही लक्षणे एकत्र दिसली म्हणजे उष्णतेचा संशय घ्यावा. वीज खंडित झाल्याने किंवा यूपीएसच्या दोषाने यंत्र बंद पडले असेल, तर त्याचा दुपारच्या उकाड्याशी व कामाच्या अवधीशी असा संबंध दिसत नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. पंखा हवा थंड करीत नाही. तो केवळ तापलेली हवा हलवून तिच्या जागी खोलीतील हवा आणतो. म्हणून कितीही पंखे बसविले तरी पेटीचे आतील तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे मार्च-एप्रिल महिन्यांत संगणकाचे काम सकाळच्या सत्रात उरकून घेणे हा उपाय कोणत्याही पंख्यापेक्षा गुणकारी ठरेल.

यंत्र बंद पडले नाही तरी अधिक तापमान त्याचे आयुष्य कमी करते. मदरबोर्डावर व वीजपुरवठ्याच्या डब्यात कपॅसिटर नावाच्या लहान नळकांड्या असतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा प्रकारच्या कपॅसिटरचे आयुर्मान साधारणपणे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा आडाखा आहे. माहिती साठविणाऱ्या हार्ड डिस्कसही अति उष्णता सोसत नाही.

३. हवा किती लागते

१०० वॅट उष्णता वाहून न्यावयाची व हवेचे तापमान १० अंशांहून अधिक वाढू द्यावयाचे नाही, असे ठरविल्यास दर सेकंदास सुमारे ८ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५०० लिटर. पाणी साठविण्याचे २०० लिटरचे पिंप सर्वांच्या परिचयाचे आहे. तशी अडीच पिंपे हवा दर मिनिटाला त्या लहान पेटीत शिरून बाहेर पडावयास हवी.

पेटीच्या मागे बसविलेला ८० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला साधारणपणे ७०० ते १००० लिटर हवा हलवितो. तेव्हा पंखा लहान दिसला तरी कामास अपुरा नसतो. परंतु हा आकडा मोकळ्या हवेतील आहे. जाळी, तारांचे झुबके, धुळीचा थर व मागची भिंत यांपैकी प्रत्येक वस्तू हवेस विरोध करते आणि प्रत्यक्ष प्रवाह पुष्कळच घटतो. यास्तव नवा पंखा विकत आणण्यापूर्वी असलेल्या पंख्याची वाट मोकळी आहे की नाही हे पाहणे श्रेयस्कर होय.

४. हवेचा योग्य मार्ग

स्वयंपाकघरातील धूर बाहेर जावा म्हणून वर धुराडे ठेवतात. पण दार-खिडकी घट्ट लावून घेतली तर धुराडे असूनही धूर कोंडतो. आत येण्यास वाट नसेल तर बाहेर जाण्याची वाट निरुपयोगी ठरते. संगणकाच्या पेटीसही हाच नियम लागू आहे. बहुतेक उभ्या पेट्यांत समोरच्या खालच्या भागातून गार हवा आत घ्यावी व मागच्या वरच्या भागातून तापलेली हवा बाहेर टाकावी, अशी रचना असते. वाटेत ती हवा हार्ड डिस्क, मदरबोर्ड व प्रोसेसर यांवरून जाते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते हे खरे. परंतु पेटीतील पंख्यांच्या जोरापुढे ही नैसर्गिक गती फार मंद असते. बाहेर जाण्याची वाट वर ठेवल्याने पंख्यांना तिचे थोडे साहाय्य होते, इतकेच.

या रचनेतही अनुभवाने सुधारणा होत गेली. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची मांडणी प्रसिद्ध केली. तीत आरंभी वीजपुरवठ्याच्या डब्यातील पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरकडे फेकावी, अशी कल्पना होती. परंतु ती हवा त्या डब्यातून येतानाच तापत असे. पुढे ही दिशा उलट करण्यात आली व तो पंखा हवा बाहेर टाकू लागला. गार हवा प्रथम कोणास मिळते, या प्रश्नाचे महत्त्व या उदाहरणावरून ध्यानात येईल.

मागचा पंखा हवा बाहेर टाकतो की आत ओढतो, हे पाहणे सोपे आहे. कागदाची पातळ पट्टी दोऱ्यास बांधून पंख्याच्या जाळीजवळ धरावी. पट्टी बाहेर उडाली तर पंखा योग्य बसविला आहे. जाळीस चिकटली तर तो उलट बसला आहे. बहुतेक पंख्यांत ज्या बाजूस मोटरीला आधार देणारे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर दिशा दाखविणारे बाणही कोरलेले असतात. दुरुस्तीच्या वेळी पंखा काढून उलटा बसविला जाणे अशक्य नाही. म्हणून यंत्र दुरुस्त होऊन आले की ही परीक्षा अवश्य करावी.

५. मार्गातील अडथळे

बाहेरील अडथळे. यंत्रास धूळ लागू नये म्हणून अनेक शाळांतून कापडी वा प्लॅस्टिकचे आच्छादन शिवून घेतलेले असते. हेतू स्तुत्य आहे, आणि यंत्र बंद असता ते घालावेच. परंतु यंत्र चालू असताना ते अर्धवट वर सारून ठेवले तर मागची जाळी झाकली जाते व यंत्राची गत पांघरूण घेऊन उन्हात बसलेल्या मनुष्यासारखी होते. यंत्र सुरू करण्यापूर्वी आच्छादन पूर्णपणे काढून घडी करून ठेवावे, आणि काम संपल्यावर यंत्र निवाल्यानंतरच पुन्हा घालावे.

संगणकाच्या मेजास पेटी ठेवण्यासाठी लाकडी कप्पा असतो. त्याची मागची बाजू बंद असल्यास बाहेर टाकलेली तप्त हवा कप्प्यातच फिरून पुन्हा आत ओढली जाते. अशा कप्प्याची मागची फळी काढून टाकावी किंवा पेटी कप्प्याबाहेर ठेवावी. पेटी व भिंत यांमध्ये वीतभर अंतर असावे. पेटी जमिनीवर ठेवू नये. झाडताना उडणारी धूळ प्रथम तिच्यातच शिरते. लाकडी पाट, घडवंची किंवा दोन विटांवर टाकलेली फळी यांपैकी काहीही चालेल. पेटीवर हजेरीपटांचे व वह्यांचे गठ्ठे रचू नयेत.

खंडेनवमीस यंत्रांची पूजा करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या वेळी फूल व हळदकुंकू पेटीच्या जाळीवर न वाहता पेटीसमोर ठेवलेल्या ताटलीत वाहावे. कुंकवाची पूड अत्यंत बारीक असते व पंख्याबरोबर ती थेट आत जाते.

आतील अडथळे. यांत धूळ ही प्रमुख होय. वर्गात खडूची भुकटी असते, मैदानावरून माती येते, आणि सुगीच्या दिवसांत कणसांचे कूस व भुसाही येतो. हीटसिंकच्या पात्यांमधील अंतर अगदी थोडे असते. तेथे धुळीचे पुंजके अडकले की पंखा फिरत राहतो, पण हवा पात्यांतून जात नाही. बाहेरून पाहणारास सर्व ठीक वाटते, आणि म्हणूनच हा दोष दीर्घकाळ ध्यानात येत नाही. कोकणासारख्या दमट प्रदेशात धुळीत ओलावा मिसळून तिचा घट्ट थर बनतो. तेथे पावसाळ्यात आठवड्यातून एकदोनदा तरी यंत्र थोडा वेळ चालू ठेवावे. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतील ओलावा कमी होतो.

दुसरा अडथळा सजीवांचा. मागच्या बाजूस एखादी धातूची पट्टी निघालेली असेल, तर त्या फटीतून उंदीर व पाली आत शिरतात. कुंभारीण माशी जाळीच्या छिद्रांत मातीचे घर बांधते. निघालेली पट्टी पुन्हा बसवून घ्यावी. तिच्यामुळे प्राणी तर थांबतातच, शिवाय हवाही ठरलेल्या मार्गाने जाते. नाहीतर ती जवळच्या फटीतून शिरून प्रोसेसरकडे न जाताच बाहेर पडते. तिसरा अडथळा तारांचा. पेटीतील मोकळ्या लोंबणाऱ्या तारा एकत्र करून नायलॉनच्या पट्टीने कडेला बांधाव्यात, म्हणजे त्या प्रवाहात येणार नाहीत व पंख्यातही अडकणार नाहीत.

६. झाकण उघडे ठेवण्याचा गैरसमज

यंत्र तापते असे दिसताच पेटीचा बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे. तापमान त्यामुळे काही वेळा थोडे उतरतेही, आणि म्हणून उपाय लागू पडला असे वाटते. परंतु त्याने समोरून मागे जाणारा प्रवाह मोडतो, आणि हार्ड डिस्कसारख्या काही भागांवरून हवा जाणेच थांबते. काही पेट्यांच्या बाजूच्या पत्र्यास आतून प्लॅस्टिकचे नळकांडे असते. बाहेरची गार हवा थेट प्रोसेसरच्या पंख्यास मिळावी, हा त्याचा हेतू. पत्रा काढला की हे साधनही निरुपयोगी होते. याहून महत्त्वाचे म्हणजे, उघड्या पेटीत धूळ व प्राणी यांना मुक्तद्वार मिळते आणि लहान मुलांची बोटे फिरत्या पंख्यापर्यंत पोहोचतात. प्राथमिक शाळेत हा धोका कदापि पत्करू नये. पत्रा काढल्यावर यंत्र सुधारले, तर त्याचा अर्थ इतकाच घ्यावा की, हवेचा मूळ मार्ग कोठेतरी बुजला आहे व तो शोधावयास हवा.

७. सफाईची पद्धती

यंत्र हमीच्या मुदतीत असेल व पेटीवर पुरवठादाराची मोहोर असेल, तर ती न तोडता पुरवठादारास लेखी कळवावे. मुदत संपली असल्यास पुढील क्रमाने सफाई करावी. धुळीचे प्रमाण पाहून सत्रातून एकदा, तर रस्त्यालगतच्या वा पत्र्याच्या शाळेत दोनदा, ती होणे इष्ट आहे.

(१) यंत्र रीतसर बंद करावे. भिंतीवरील बटण बंद करून वीजतार काढून घ्यावी. यूपीएसपासूनही पेटी सोडवावी. त्यानंतर पेटीचे सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डावरील उरलेली वीज निघून जाते.

(२) मागे जोडलेल्या तारा कोठे होत्या, याचे कागदावर रेखाचित्र काढावे वा छायाचित्र घ्यावे. मग पेटी ओसरीत किंवा व्हरांड्यात न्यावी. वर्गात सफाई केल्यास तीच धूळ पुन्हा आत येईल.

(३) मागचे दोन स्क्रू काढून समोरून पाहता डाव्या हाताचा पत्रा सरकवावा. बहुतेक पेट्यांत हीच बाजू उघडते. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या रंग न दिलेल्या धातूस स्पर्श करावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थितिक वीज त्यामुळे निघून जाते. अन्यथा ती नाजूक भागांस अपाय करू शकते.

(४) रंगाऱ्याचा नवा, कोरडा व मऊ कुंचला घेऊन धूळ हलकेच सैल करावी व रबरी फुग्याच्या किंवा विजेच्या ब्लोअरने ती बाहेर उडवावी. ब्लोअर दुरून व तिरका धरावा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने स्थिर धरावीत. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग बिघडते. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासाबरोबर ओलावा व थुंकीचे कण आत जातात. ओले फडके मुळीच वापरू नये.

(५) हीटसिंकच्या पात्यांमधून पलीकडचा उजेड दिसतो की नाही, हे विजेरी धरून पाहावे. उजेड दिसू लागेपर्यंत सफाई पूर्ण झाली असे समजू नये. हीटसिंक मात्र उपटून काढू नये. ते काढल्यास थर्मल पेस्ट पुन्हा लावावी लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

(६) वीजपुरवठ्याचा डबा, ज्यास बाजारात एसएमपीएस म्हणतात, कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वीजतार काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज काही काळ साठलेली असू शकते. त्याच्या जाळीवरील धूळ बाहेरूनच कुंचल्याने झाडावी.

(७) समोरच्या जाळीस गाळणी असेल तर ती धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. गाळणी नसल्यास जाड कापड लावू नये; त्याने धूळ अडेल, पण हवाही अडेल.

(८) पत्रा बसवून यंत्र सुरू करावे व सर्व पंखे फिरतात की नाही हे पाहावे. फिरताना खरखर करणारा किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होणारा पंखा बदलून घ्यावा. त्याची किंमत संगणकाच्या मानाने अल्प असते. सफाईची तारीख नोंदवहीत लिहून ठेवावी.

या सर्व कामात मुलांनी दुरून पाहण्यास हरकत नाही. किंबहुना त्यांनी पाहावेच. परंतु उघडी पेटी मुलांच्या स्वाधीन करू नये.

८. खोलीचा विचार

पेटीतून बाहेर पडलेली उष्णता खोलीतच जाते. एका यंत्राने फारसा फरक पडत नाही. परंतु ज्या केंद्रशाळेत दहा यंत्रे एका खोलीत आहेत, तेथे दर यंत्रास १०० वॅट धरले तरी एक किलोवॅटची विजेची शेगडी सतत चालू ठेवल्यासारखे होते. अशा खोलीत समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असाव्यात व भिंतीच्या वरच्या भागातील झरोके पोती कोंबून बंद केलेले नसावेत. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन यंत्रावर पडू देऊ नये. पत्र्याचे छप्पर असल्यास यंत्र त्यातल्या त्यात सावलीच्या बाजूस ठेवावे. छताचा पंखा घाम वाळवून मनुष्यास गारवा देतो. यंत्रास घाम नसल्याने तो लाभ त्यास मिळत नाही. तथापि यंत्रामागे साचलेली तप्त हवा पांगविण्यास त्याचा उपयोग होतो. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र थेट यंत्रावर सोडू नये.

९. अध्यापनात उपयोग

या विषयाचा उपयोग विज्ञानाच्या तासासही करून घेता येईल. ताटलीत मेणबत्ती लावून तिच्यावर कंदिलाची उंच काच ठेवावी व काचेच्या खालच्या कडेस ओल्या मातीने लिंपून घ्यावे. वरचे तोंड उघडे असूनही थोड्याच वेळात ज्योत मंद होते व बहुधा विझते. नंतर माती काढून तीच काच दोन पेन्सिलींवर ठेवावी. ज्योत नीट जळू लागते. आणि काचेच्या बुडाशी उदबत्ती धरली तर तिचा धूर आत ओढला जाऊन वरून बाहेर पडताना स्पष्ट दिसतो. जाण्याइतकीच येण्याची वाटही आवश्यक असते, हे मुलांस डोळ्यांनी पाहावयास मिळते. तप्त काच व ज्योत शिक्षकानेच हाताळावी. मेणबत्तीस हवा ज्वलनासाठी लागते व संगणकास ती उष्णता वाहून नेण्यासाठी लागते, हा भेद मात्र समजावून द्यावा. नाहीतर संगणकाच्या आत काही जळत असते, असा मुलांचा समज होईल.

वरच्या वर्गात मिनिटास ५०० लिटर या आकड्यावरून एका तासात, एका शालेय दिवसात किती पिंपे हवा पेटीतून जाते, याची उदाहरणे घालावीत. धुळीचा प्रश्नही त्यावरून उलगडतो. इतकी हवा आत येत असता तिच्याबरोबर रोज चिमूटभर धूळ येणारच, हे मुले आपण होऊन सांगतील.

१०. समारोप

यंत्र तापते म्हणजे ते जुने झाले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात : आत येणारी जाळी मोकळी आहे काय, मागचा पंखा हवा बाहेर टाकतो काय, हीटसिंकच्या पात्यांतून उजेड दिसतो काय, आणि बाहेर पडलेली तप्त हवा पेटीपासून दूर जाते काय. या चारही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असूनही यंत्र बंद पडत असेल, तर दोष अन्यत्र आहे असे समजून ते तंत्रज्ञाकडे द्यावे. आणि देताना वरील तपासणी केल्याचे लिहून द्यावे, म्हणजे त्याचाही वेळ वाचेल.

ज्या शिक्षकांनी हे काम एकदा स्वतः केले आहे, त्यांनी केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळांतील सहकाऱ्यांना ते करून दाखवावे. कुंचला, स्क्रू काढण्याचे साधन व दोन तासांचा अवकाश एवढीच सामग्री त्यास लागते. कपाटात कापडाखाली पडून असलेले एखादे यंत्र त्या निमित्ताने पुन्हा मेजावर आले, तर यंदाच्या वर्गातील मुलांना ते वापरावयास मिळेल.